राजाला देव ठरवायचं की माणूस

रियाधमधल्या एका भारतीय शाळेत मी मुलींना इतिहास शिकवत असे. पुस्तकं भारतातून यायची, आणि ती वर्गात वाटण्याआधी त्यांतल्या मूर्ती आणि बायकांचे उघडे दंड काळ्या मार्करने झाकायचं काम आम्हा शिक्षिकांचं. एका वर्षी निरोप आला की शनिवारी सरकारी तपासणी आहे. धडा नेमका इजिप्तच्या साम्राज्याचा, म्हणजे पानोपानी देव. एखादी मूर्ती राहून गेली तर नोकरी माझी जाईल, त्यांची नाही, हे मुख्याध्यापिकाबाईंनी मला फार मायेनं समजावलं.

ससाण्याच्या तोंडाचा देव गेला, कोल्ह्याच्या तोंडाचा गेला. राणीला मी गळ्यापासून घोट्यापर्यंत झगा घातला. गाडी अडली ती राजापाशी. हा गृहस्थ स्वतःला देव म्हणवायचा. मग याला राजा धरायचं की मूर्ती? स्टाफरूममध्ये चहासोबत चर्चा झाली. गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, स्वतःला देव समजणारे आमच्या घरीही आहेत. त्यांना कुठे कोण काळं फासतं?" राजा बहुमताने माणूस ठरला. हयातीत त्याचा एवढा अपमान कुणी केला नसेल.

शनिवारी तपासणीच्या बाईंनी तेच पान उघडलं. भोवती काळे ठोकळे, मधे एकटा राजा. अरबीच्या शिक्षिकेकरवी त्यांनी विचारलं, "याची लोक पूजा करायचे का?"

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात पहिल्या बाकावरची माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "या राजाने सांगितलं, देव एकच. बाकीच्या देवांची नावं त्याने भिंतींवरून खोडायला लावली." आणि काळ्या ठोकळ्यांवर बोट ठेवून, "हे बघा ना."

ती सांगत होती तो राजा वेगळा होता, चित्रातला त्याच्या कितीतरी आधीचा. मी मान डोलावली. भाषांतर ऐकून बाईंनी ठोकळ्यांवरून हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाल्या, "मुम्ताझ." म्हणजे उत्तम.

"आणि मग तो मेल्यावर लोकांनी..." पोरगी पुढे निघाली.

"बस खाली," मी म्हटलं.

बाई गेल्यावर ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मॅम, त्याचंही नाव लोकांनी खोडलं आणि जुने देव परत आणले, हे राहिलंच. माझं उत्तर अर्धंच झालं."

मला तिचा अभिमान वाटत होता आणि भीतीही अजून गेली नव्हती. "परीक्षेत पूर्ण लिही," मी म्हटलं, "तो पेपर मी तपासणार आहे."