सोरावानची सून

नोयेमझारच्या जिभेला हाड नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण अलेप्पोत तिला मुकी समजणारेही पुष्कळ होते.

कत्तलीतून वाचलेल्या बायकांच्या आश्रयघरात, शिवणाच्या खोलीत, आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. हातात लेस आणि तोंडात कुणाची तरी टिंगल. दुपारी मसुराची पातळ आमटी आली की ती वाटीत वाकून बघायची आणि स्वयंपाकाच्या म्हातारीला, आम्हा सगळ्यांच्या मायरिगला, म्हणजे आईला, म्हणायची, "मायरिग, एक मसूर होता हो आत्ता इथं. कुठं गेला?" म्हातारी डाव उगारायची, आम्ही लोटपोट हसायचो. पण दाराशी एखादा वयस्क पुरुष आला, की नोयेमझारचा डोक्यावरचा रुमाल तोंडावर यायचा आणि मग तिच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही.

तिच्या गावची, सोरावानची, रीतच तशी. सून सासऱ्यापुढे आणि थोरल्या पुरुषांपुढे बोलत नाही, वर्षानुवर्षं नाही. मग कधीतरी सासरा हातात काही भेट ठेवतो, "पोरी, आता तुझा आवाज ऐकू दे" म्हणतो, आणि सून बोलायला मोकळी होते. आम्ही आइनताबच्या शहरी बायका. आम्हाला या रीतीचं हसू यायचं.

महायुद्ध संपल्यावरच्या वसंतात हाम्पार्त्सुम मास्तर आले. साठीचे, पांढऱ्या मिशांचे. कुठल्या गावात काय झालं, कुणाला कुठं नेलं, कुठं मारलं, हे वाचलेल्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. समोर बसणाऱ्याला ते म्हणायचे, "रडायचं असेल तर रडून घ्या. मला घाई नाही."

आइनताबचं सांगायला आम्ही ढीगभर होतो. सोरावानची मात्र एकटी नोयेमझार. ती बोलली नाही तर ते गाव कधी नांदत होतं हे सांगायलाही कुणी उरलं नसतं. आणि ही बाई मास्तरांपुढे रुमाल चावत उभी! मी म्हटलं, "मला सांग, मी त्यांना सांगते." तर मास्तरच अडले. "ऐकीव नको, बाई. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं मनचं लिहिलं. जिनं पाहिलं तिनंच सांगायचं." दुसऱ्या दिवशीही पालथ्या घड्यावर पाणी. मास्तरांना संध्याकाळच्या गाडीनं बैरूतला निघायचं होतं.

तेव्हा मला वाटलं, हिचा सासरा मोकळीक न देताच गेला, अडलंय ते तेवढ्यावरच. मी मास्तरांच्या कानावर घातलं. ते हसले नाहीत. बाजारात जाऊन एक निळा रुमाल घेऊन आले, कोट झटकून घातला आणि सगळ्या बायकांसमोर नोयेमझारपुढे जाऊन उभे राहिले. रुमाल तिच्या हातात ठेवून म्हणाले, "पोरी, आता तुझा आवाज ऐकू दे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. रुमाल टाकून ती अंगणात पळाली.

मी संतापले. तिच्यामागं विहिरीपाशी गेले आणि ओरडले, "अगं, काय ही तऱ्हा! तो म्हातारा माणूस लेक समजून तुझ्यापुढं उभा राहतो आणि तू तोंड फिरवतेस?"

"हेच म्हणाले होते ते," ती म्हणाली.

"कोण?"

"मामंजी. नदीच्या उताराजवळ शिपायांनी पुरुषांना वेगळं काढलं, दोरीनं बांधलं. मामंजी माझ्याकडं वळले. द्यायला हातात काही नव्हतं. म्हणाले, पोरी, आता तुझा आवाज ऐकू दे." तिनं कठडा घट्ट धरला. "आणि ताई, माझा आवाजच फुटेना. इतकी वर्षं दाबून ठेवलेला, तो एकदम कुठून येणार? ते थांबले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांना ओढत नेलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते मला सोसवेना.

"काय बोलली असतीस?" मी विचारलं.

"काहीही. पाणी हवं का, एवढं तरी."

मी तिला थोपटत राहिले. मायरिगनं आतून हाक मारली, तिला मी हातानंच गप्प केलं. बऱ्याच वेळानं नोयेमझारनं विहिरीच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि कुणी न सांगता आत गेली. मास्तर कागद गोळा करत होते. ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि तोंडावरचा रुमाल गळ्यापर्यंत खाली ओढला.

"विचारा," ती म्हणाली.

मास्तरांनी कागद पुन्हा मांडले. "आधी तुझं घर. घरचा कर्ता कोण?"

सासऱ्याचं नाव सून घेत नाही, घेतलं तर जीभ झडते म्हणतात.

"गिरागोस!" ती म्हणाली. अंगणातल्या बायकांनीसुद्धा माना वळवल्या. मग तिनं सासऱ्याच्या मुलांची नावं घेतली, मग शेजारचं घर, मग कुंभाराचं, आणि कोण कुठं पडलं ते. आवाज चढतच गेला, आधी चिरका, मग खणखणीत.

"पोरी," मास्तर हळूच म्हणाले, "सावकाश बोललीस तरी चालेल. मी इथंच बसलोय. मला ऐकू येतं."

"तुम्हाला नाही सांगत, मास्तर," ती म्हणाली, आणि तेवढ्याच मोठ्यानं पुढच्या घराचं नाव घेतलं.