एका चमच्याची भेसळ

डेअरीत तिला सगळे ‘नाक’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचा राग येत नसे, कारण त्या नाकावर अख्खी डेअरी विसंबून होती. सकाळी गाड्या माल उतरवायच्या धक्क्याला लागल्या की दुधाच्या कॅनची रांग उभी राही. ही एकेका कॅनचं झाकण उघडून आधी नाक खाली नेई, मग घोटभर दूध जिभेवर घोळवून थुंकून टाकी आणि एकच शब्द बोले. ‘पास’ म्हटलं की कॅन आत. ‘नापास’ म्हटलं की कॅन आल्या गाडीने परत, मग आणणारा कितीही गयावया करो. लॅब होती, यंत्रं होती, पण यंत्राला आकडा दाखवायला वेळ लागे आणि हिला एक श्वास पुरे. गाईने कुठला उग्र पाला खाल्लाय, कॅन नीट धुतलेला नाही, दुधाला ऊन लागलंय, कुणी पावडर कालवलीय, सगळं तिला कळे. सतरा वर्षांत भेसळ करणाऱ्यांनी तिच्या नावाने किती बोटं मोडली असतील, त्याची गणती नाही.

अशा बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या दुधात भेसळ केली.

लेक साडेचार वर्षांची. समोर काही ठेवलं की आधी हुंगायची, म्हणून घरात तिचं नाव ‘मनी’ पडलं होतं. खाण्याच्या बाबतीत मनीचे नियम कडक. दूध, उकडलेला बटाटा आणि कडा कापलेला टोस्ट, बस्स. चौथा पदार्थ ताटात आला की ताटच उलटं. दूध निळ्या कपातच हवं, दिवसातून चार वेळा. बोलायची तीनच शब्द: ‘नको’, ‘पंखा’ आणि ‘संपलं’. मिक्सर सुरू झाला की कान झाकून पलंगाखाली शिरायची. आजवर सगळे तिला हट्टी म्हणत आले होते. आई तर सर्वांत आधी.

मग दवाखान्याच्या तीन-चार खेपा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की मनीला ऑटिझम आहे. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते. त्यातला एक आईच्या मनात काट्यासारखा रुतून बसला.

“काही आवडलं तर तुम्हाला आणून दाखवते का? हे बघ, अशा अर्थाने?”

पक्षी, फुगा, आगगाडी, काहीही असो, मनी आपली एकटीच बघायची. कुणाला बोट दाखवून बोलवावं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, बिघाड सापडला की हात चालवणारा माणूस. त्याने विचारलं, “मग आता काय करायचं?”

“घाई करायची नाही,” बाई म्हणाल्या. “तिला कशाचा त्रास होतो, ते आधी नीट बघायला शिका.”

पण घाई करायला नातेवाईक असतातच. दोन दिवसांत वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. मनाने सोन्यासारखी, पण सल्ला द्यायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ देत नसे.

“अगं, दूध बंद कर आधी! आणि मग गहू. माझ्या जावेच्या भाचीचा मुलगा तीन महिन्यांत घडाघडा बोलायला लागला. तुम्ही तर डेअरीवाले, पोरीला नुसतं दुधात बुडवून ठेवलंय!”

हे शेवटचं वाक्य वर्मी लागलं. आईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “दूध बंद केल्याने ऑटिझम जातो, असा पुरावा नाही. एखाद्या मुलाला दूध सोसत नाही, त्याचं पोट दुखतं, ते वेगळं. तशी शंका असेल तर तपासू, आहारतज्ज्ञांना विचारून करू. पण मनी तीनच गोष्टी खाते. त्यातली एक मला न विचारता काढू नका.”

आई ‘हो’ म्हणून बाहेर पडली. पण त्या ‘हो’त दम नव्हता. आपणच रोज हौसेने आणलेलं दूध पोरीला बाधलं असेल तर? इतकं साधं करायचं होतं आणि तेही आपण केलं नाही, असं उद्या वाटलं तर? या ‘तर’ने तिचं डोकं पोखरलं.

शेवटी तिने सोयाबीनच्या दुधाचा डबा आणला. बेत असा की आज एक चमचा, उद्या दोन, महिन्याभरात अख्खा कप. भेसळ करणारे एकदम कधी करत नाहीत, हळूहळू वाढवत नेतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

“राणीसाहेबांना कळलं तर?” नवऱ्याने मनीकडे बघत विचारलं.

“एक चमचा आहे हो! एवढ्याने मलासुद्धा कळणार नाही.”

तिने पाठ करून चमचा ढवळला आणि निळा कप पुढे ठेवला. मनीने कप उचलला, हुंगला आणि थांबली. मग तो दोन्ही हातांनी उचलून लांब कोपऱ्यात नेऊन ठेवला. “संपलं,” म्हणाली. काठोकाठ भरलेला कप, आणि संपलं!

आईने घाबरून दुसरं, निव्वळ दूध ओतलं. संपलं. संध्याकाळी कप घासून पुसून पुन्हा दिलं. संपलं. दुसऱ्या दिवशी बापाच्या हातून दिलं, तरी तेच. टोस्ट नको, बटाटाही नको. जो हात कपात काहीतरी घालतो, त्या हाताचं काहीच नको. चार घोट पाणी आणि स्वतःच उचललेला टोस्टचा एक तुकडा, एवढ्यावर पोरीने दोन दिवस काढले. डॉक्टरीणबाईंना फोनवर सगळं कबूल करावं लागलं. त्या रागावल्या नाहीत, तेच आईला जास्त लागलं. “पाणी देत राहा,” त्या म्हणाल्या. “मलूल वाटली, लघवी कमी झाली, तर लगेच घेऊन या. नाहीतर उद्या सकाळी आणाच.”

फोन झाला त्याच दिवशी मनीला बापाकडे सोपवून ती अर्ध्या दिवसासाठी कामावर गेली. कॅन संपले तशी ती घरून आणलेला सोयाच्या दुधाचा डबा घेऊन लॅबमध्ये गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, “सहा कप दूध भर. एकात सोयाचा एक चमचा घाल. कुठल्यात ते सांगू नकोस.”

मुलीला गंमत वाटली. तिने कप मांडले. आईने एकेक कप हुंगला, जिभेवर घेतला, डोळे मिटले. तिसऱ्यावर बोट ठेवलं.

“पाचवा होता, ताई.”

“पुन्हा भर.”

पुन्हा चुकली. तिसऱ्यांदाही चुकली. मुलीला वाटलं ताईंना सर्दी झालीय. ताई मात्र त्या सहा पांढऱ्या कपांकडे बघत उभी, आणि अंगावर सरसरून काटा आलेला. सतरा वर्षांचं कसलेलं नाक जिथे तीनदा आपटलं, तिथे तिच्या पोरीने एका श्वासात नापास म्हटलं होतं! आणि एक चमचा जर तिला एवढा मोठा वाटत असेल, तर मिक्सर केवढा वाटत असेल? लोकरीचा स्वेटर? वाढदिवसाला फुगे फोडणारी वीस पोरं? अशा जगात ही चिमुरडी रोज सकाळी उठते, चालते, पंख्याकडे बघून हसतेसुद्धा. आणि आपण तिला हट्टी म्हणत होतो. आईचे हात जोडले गेले, ते कुणाला हे तिचं तिलाही कळलं नाही.

घरी आल्यावर ती मनीसमोर फरशीवर बसली. दुधाची बंद पिशवी तिला हुंगू दिली, तिच्यादेखत कापली, निळ्या कपात ओतली.

“मी त्यात दुसरं काहीतरी घातलं होतं, मने. चुकलं माझं. तुला न सांगता पुन्हा नाही घालणार.”

मनी पंख्याकडे बघत होती. आईने मग धक्क्यावर करते तेच केलं. कपावर नाक नेलं, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, फक्त थुंकायच्या ऐवजी गिळला. “पास,” म्हणाली आणि कप खाली ठेवून जरा मागे सरकली. बाप दारात श्वास रोखून उभा.

बऱ्याच वेळाने मनी आली. कप हुंगला. गेली. पुन्हा आली, पुन्हा हुंगला. मग दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या तोंडाला न लावता आईच्या तोंडाला लावला.

आणि ती आईकडे बघू लागली. पंख्याकडे नाही, कपाकडे नाही. सरळ आईच्या चेहऱ्याकडे. ज्या पोरीने आजवर कुणालाच काही दाखवलं नव्हतं, ती कप धरून विचारत होती की हे कसंय, सांग.

आईने घोट घेतला, पण शब्द फुटेना. मनीने जरा वाट पाहिली आणि कप पुन्हा तिच्या ओठांवर टेकवला, या खेपेला जोरात. निकाल हवा होता तिला.

“पास,” आई कशीबशी म्हणाली.

मनीने कप आपल्याकडे घेतला आणि उभ्या उभ्या गटागटा सगळं दूध प्यायली. मग रिकामा कप आईच्या हातात देत म्हणाली, “संपलं.”