रनरच्या डोक्यात काय चालतं?

आम्ही चौघं कुरखेड्याकडचे डाकेचे रनर. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट, तिकडे मोटार कुठली! पाठीवर डाकेची थैली, हातात घुंगरांचा भाला, आणि जंगलातून एकट्यानं धावत सुटायचं. अर्ध्या वाटेवरच्या झोपडीत थैली दुसऱ्याच्या हाती द्यायची. तिथं बसलं की किस्से निघायचे. ते असे साचलेत, की एक काढावा तर मागून दोन येतात!

मला एक भारी नाद. भेटेल त्या रनरला विचारायचो, "धावताना डोक्यात काय चालते गा?"

डोमाजीभाऊ आमच्यात सगळ्यात जुने. म्हणाले, "साळ्यासंग भांडतो. घरी बायको बोलू देत नाई!" एकदा मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईनं झुडपामागून त्यांचं ते मोठ्यानं चाललेलं भांडण ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना वाटेतच अडवलं.

"भाऊ, चूक तुमचीच हाय!"

किसन मनात स्वयंपाक करायचा. एकदा तोंड पाडून झोपडीवर आला.

"काय झालं बे?"

"वांग्याची भाजी करपली!"

"कुठी?"

"नाल्यापाशी. अस्वल दिसलं, तिकडं ध्यान गेलं!"

मला अस्वलाचं ऐकायचं होतं, हा आपला भाजीचंच सांगत बसला.

गोविंदा नवा. पाय दणकट, पण मधल्या चढावर बसून जायचा. म्हणे, "पाय चालून राह्यले, पण मन म्हणते, बस. मंग मी बसतो." डाक उशिरा पोचायची. साहेबांनी बजावलं, "पुन्हा उशीर झाला तर नोकरी गेली समज." घरात कमावता तो एकटाच.

प्रत्येकानं आपली युक्ती दिली. सुट्टीच्या दिवशी थैलीशिवाय त्याला चढावर पळवून पाहिलं. भांडणाची जमली नाही. "भांडाले गेलो तं साळ्याचंच बरोबर वाटलं, भाऊ!" स्वयंपाकाचीही नाही. भूक लागली म्हणून बसला!

दुसऱ्या दिवशी पाळी नसताना मी आणि किसनही, थैली घ्यायला आलेल्या डोमाजीभाऊंसोबत झोपडीबाहेर कान लावून उभे. घुंगरं वाजली! वेळेच्या आधी! गोविंदा आला, आणि आमच्यासमोरून सरळ पुढे निघून गेला! डोमाजीभाऊ ओरडत मागे, त्यांच्या मागे आम्ही. किसननं थैलीच धरली तेव्हा कुठे गडी थांबला.

डाक वेळेत पुढे गेली, नोकरी वाचली. मला मात्र राहवेना.

"अबे, आज मन बस नाई म्हणालं?"

"त्याले घरीच ठेवून आलो ना, भाऊ!"

"मंग इथी थांबला काऊन नाई?"

"मले थांब म्हणायले मन होतं कुठी?"