दुसऱ्या पाण्यातली मासोळी

माझी माय मासोळी विकायची, पण खायची नाही. उमरखेडच्या बाजारात तिच्यापुढून रोहू, कटला घेऊन जाणाऱ्या माणसांना हे कधी कळलं नसेल. गिऱ्हाइकाला ती चवीनं सांगायची, मसाला नीट भाजून घ्या, चिंच जास्त टाकू नका, डोकं फेकू नका बरं, खरी चव डोक्यात असते. आणि घरी येऊन वरणात भाकर चुरून खायची.

आमच्या भोयांच्या घरांत एक रीत आहे. ज्या पाण्यानं घरचं माणूस नेलं, त्या पाण्यातली मासोळी त्या घरात शिजत नाही. माणूस सापडावं, त्याचं क्रियाकर्म व्हावं, मग बंदी उठते. या रीतीमागचं कारण कोणी तोंडानं सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

माझा दादा सापडला नाही. मी लहान होते. पैनगंगेला पूर होता आणि आमची जाळी पल्याडच्या काठाला अडकली होती. ती सोडवायला तो डोंगा घेऊन गेला. डोंगा मिळाला, बराच खाली, बाभळीला आडवा अडकलेला. दादासाठी बाबा आणि गावातली माणसं काठाकाठानं किती गावं हिंडली. शेवटी बाबाच म्हणाले, पुरे. मायेनं मात्र पुरे म्हटलं नाही. क्रियाकर्म करू दिलं नाही, त्यामुळे बंदी उठली नाही. बाबा पुढं तळ्यातली मासोळी खायला लागले, ते पाणी दुसरं म्हणून. माय म्हणायची, "नदीचं पाणी कालव्यात, कालव्याचं तळ्यात. तुमाले काय माहीत कोणती मासोई कुठून आली?" बाबा खाली मान घालून जेवायचे. आता बाबाही नाहीत.

मी बी.ए. झाले, भूगोल घेऊन. मग बी.एड. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण हे मायेच्या टोपलीनं केलेलं काम आहे. आज मी कळंबला हायस्कूलवर शिकवते. मासोळी मी खाते. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा वसतिगृहात खाल्ली तेव्हा घरी येऊन तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं केलं. काटे नीट पाह्यत जा."

दोन वर्षांपूर्वी ती खंगायला लागली. डॉक्टरांनी मासे, अंडी खायला सांगितली. अंड्याचा तिला वास सहन होत नव्हता. मासोळीचं तर विचारायलाच नको. त्याच दिवसांत आमच्या शाळेतल्या एका बाईंनी कोकणातले फोटो दाखवले. सकाळी होडीत बसायचं, दिवसभर समुद्रात मासे धरायचे, होडीवरच शिजवून खायचे, संध्याकाळी परत. शिकवायला गाइड असतो. मी शाळा सुटायची वाट पाहिली नाही, मधल्या सुट्टीतच फोन लावला.

"माय, समुद्रातली मासोळी खाशील काय?"

"समुद्र कुठं आला उमरखेडले?"

"आपण जाऊ तिकडं. होडीत बसून धरायची, तिथंच शिजवायची. शिकवायले माणूस असते."

"मले शिकवते? मासोया धरायले?" ती किती तरी दिवसांनी हसली. मग तिनं विचारलं, "होडी पार मधात जाते काय?"

"जाते."

"येते मंग."

इतकी लवकर कबूल होईल असं मला वाटलं नव्हतं. खारं पाणी म्हणजे दुसरं पाणी, असं तिनं मनाशी ठरवलं असेल, असं मी धरून चालले. मला तेवढंच हवं होतं. तिनं एकदा मासोळी तोंडात घालावी. ज्या बाईनं जन्मभर मासोळीत हात घातले, तिनं जेवणाला बसल्यावर मासोळीकडे पाठ करावी, हे मला लहानपणापासून सहन होत नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत गेलो. एस.टी., रेल्वे, परत एस.टी., असं करत मालवणच्या बाजूच्या एका लहान बंदराला पोचलो. समुद्र पाहून माय "बापा, केवढा!" असं काही म्हणाली नाही. वाळूत उभी राहिली आणि म्हणाली, "याले पल्याड नाही."

होडीवर आमच्यासोबत कोल्हापूरचे दोन मित्र होते, दोघंही निवृत्त, दोघंही एकमेकांना टोमणे मारण्यात पटाईत. होडी चालवणारा तांडेल मागं इंजिनाशी. गाइड तिशीतला, बोलका. त्यानं मायेला हात देऊन चढवलं. "आजी, हय बसा, मधी. घाबरू नकात हां."

"घाबरू कायले? होडीत तं जन्म गेला."

"मग मीच तुमच्याकडे शिकतंय."

"शीक," माय म्हणाली.

पहिला तासभर तिनं गाइडचं सामान तपासण्यात घालवला. रॉड हातात घेऊन वाकवून पाहिला. रीळ फिरवलं. मग त्यानं डब्यातून रंगीत प्लास्टिकचा मासा काढला, पोटाला गळ लावलेला.

"हे काय होय?"

"खोटो मासो, आजी. मोठे मासे ह्याका फसतात."

"प्लास्टिकले? तुमच्या इकडच्या मासोया येड्या हायेत काय?"

कोल्हापूरवाल्यांतला एक म्हणाला, "आजी, ह्यो माझा मित्र पण तसाच. लग्नात फोटोला फसला."

"आन् तू फोटोशिवाय फसलास, बोल की," दुसरा म्हणाला.

माय पदर तोंडाला लावून हसत होती. मी तिचा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

रॉड तिला पटला नाही. तिनं नुसता दोरा आणि गळ मागितला, त्याला कोळंबी लावली आणि दोरा बोटावरून खाली सोडला. ऊन वर आलं तशी तिला एक तांबोशी लागली, लालभडक, हातभर. तिनं ती ओढून घेतली, गळ सोडवला, आणि मासोळी दोन्ही हातांत धरून बघत राहिली. गाइडनं शाबासकी दिली. कोल्हापूरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं. आता ही खाणार.

दुपारी एका खडकाच्या आडोशाला नांगर टाकला. गाइडनं स्टोव्ह पेटवला, मासोळ्या साफ केल्या, कोकम टाकून कालवण चढवलं. वास सगळ्या होडीवर पसरला. मायेनं त्याला विचारलं, "कारे बाबू, सगळ्या नद्या इथंच येतात म्हणे?"

"सगळ्या, आजी. जातले खय? समुद्राशिवाय जागा हा काय त्यांका?"

"सगळ्या?"

"एकूण एक."

तिनं मान हलवली. मग उठून होडीच्या मागच्या टोकाला गेली, आमच्याकडे पाठ करून बसली, आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मला वाटलं, बाटली शोधत असेल. तिनं डब्यातून सांजोरी काढली आणि पाण्यावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. हात पाण्यापर्यंत नेऊन सोडली. मग दुसरी.

सांजोऱ्या दादाला आवडायच्या. गुळाच्या, जरा जास्त तळलेल्या. घरून निघायच्या आधी ती त्या तळत होती तेव्हा मी म्हटलं होतं, प्रवासाला कशाला एवढं तेलकट.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती पाण्याकडे बघून हळू बोलत होती, घरात बोलतात तसं. "तुही बहीण मास्तरीण झाली. कळंबले राह्यते. तुहे बाबा गेले. तुले माहीत पडलं असन." मग तिसरी सांजोरी.

तेव्हा मला कळलं, ती इतक्या लवकर का कबूल झाली. ती मासोळी खायला आलीच नव्हती.

पाण्यात सांजोरीभोवती लहान मासे जमले. तुकडे तोडायला लागले. मागून कोल्हापूरवाला ओरडला, "आजींनी गोड चारा टाकलाय बघा! आता आमच्या गळाला कोण येतंय?" त्याला काय माहीत. मायेचा हात तिथंच थांबला.

जेवण वाढलं. गाइडनं तिच्याच तांबोशीचा मधला तुकडा तिच्या ताटात घातला. तिनं ताट माझ्याकडे सरकवलं.

"मी नाही खात."

"काहून? तूच धरली न?"

"त्यानं सांगतलं ते आयकलं नाही काय? सगळ्या नद्या इथं येतात. आपली बी येते." ती मासोळीकडे बघत नव्हती. "कसं खाऊ मी, बाई?"

मी गप्प राहिले असते तर तिला तिचा मुलगा मिळाला होता. पाण्यात, डोळ्यांपुढं, बोलता येईल एवढ्या अंतरावर. पण मग तिनं मासोळी मरेपर्यंत तोंडाला लावली नसती. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण टोपली वाहून तिनं मला जो भूगोल शिकवला, त्यात मी तिच्याशी खोटं बोलू शकत नव्हते.

"माय, पैनगंगा इकडं येत नाही."

"काहून येत नाही?"

मी बोट पाण्यात बुडवून होडीच्या फळीवर रेघ ओढली. "हा सह्याद्री. घराच्या आढ्यासारखा. आढ्याच्या ह्या अंगाचं पाणी इकडं उतरते, त्या अंगाचं तिकडं. आपण त्या अंगाले. आपली नदी वणीकडं जाऊन वर्धेले मिळते. ते पाणी पुढं गोदावरीत. गोदावरी पार आंध्रात जाऊन समुद्राले मिळते. तो समुद्र उगवतीकडचा. हा मावळतीचा."

रेघा उन्हानं लगेच वाळत होत्या. मी परत परत ओढत होते.

गाइडच्या लक्षात आलं, काहीतरी बिनसलं. तो घाईघाईनं म्हणाला, "ताई, शेवटी समुद्र सगळो एकच मा?"

मायेनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू शिकलेली हायेस."

"एकच आहे," मी म्हटलं. "पण तो खालून मिळतो. सगळ्या देशाले वळसा घालून."

"किती लांब?"

"आपण आलो न घरून, त्याच्या किती तरी पट."

ती फळीकडे बघत राहिली. फळीवर आता काहीच नव्हतं. इंजीन बंद होतं, पाणी होडीला आपटत होतं, कोल्हापूरवाले काटे काढत जेवत होते.

"इतक्या लांब नाही येणार तो," ती म्हणाली. "त्याले एकट्यानं कुठं जायची सवयच नव्हती. बाजारात बी माह्या मांगंमांगं राहे."

मी तिचा हात धरला. तो थंड होता, मासोळीचा वास असलेला, माझ्या सगळ्या लहानपणाचा वास.

"म्हणजे तो इथं नाही."

"नाही, माय."

"नक्की?"

"नक्की."

तिनं डब्याचं झाकण लावलं. दोन्ही हातांनी दाबून, नीट. मग ताट परत आपल्याकडे ओढलं.

ती मासोळी कशी खाते, हे मी विसरले होते. आधी रस्सा भातावर, मग बोटांच्या टोकांनी मासोळीचा कणा उचलायचा, सगळा, एकदम. मग डोकं मागून घेतलं तिनं, गाइडकडून, आणि ते फोडून चोखलं. खाताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात खरकटे होते. जेवण थांबलं नाही. एक घास खाली गेला की दुसरा. कोल्हापूरवाला खुशीत म्हणाला, "तिखट लागलं वाटतं आजींना! पण सोडत नाहीत बघा!"

"मीठ जरा जास्त हाय," माय म्हणाली. "बाकी बरं झालं."

गाइडनं कान पकडले. ती परत वाढ म्हणाली.

माझ्या ताटातला तुकडा तसाच होता. ज्याच्यासाठी मी एवढं सगळं केलं होतं, ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि माझा घास वर येत नव्हता. तिनं ते पाहिलं. माझ्या ताटात हात घालून तिनं काटे काढले, मऊ मऊ वेगळं केलं आणि माझ्यापुढं ठेवलं, मी लहान होते तेव्हा ठेवायची तसं.

"खा न. तू काहून थांबली? तो इथं नाही, तूच सांगतलं."

मी खाल्लं.