अर्ध्या सँडविचमागचं हसू

बेथन ऑगडन मँचेस्टरला घरी बसून जुन्या विनोदी मालिकांची कापाकापी करायची. एका कंपनीकडे अशा मालिकांचा ढीग पडून होता. त्यातले नेमके हशे वेचायचे, त्यांची दोन-दोन मिनिटांची माळ ओवायची आणि फोनवर बघणाऱ्यांपुढे टाकायची, हे तिचं काम. पन्नाशी उलटली होती आणि हात चांगला बसला होता. तिचा साहेब रॉरी वयानं तिच्या मुलासारखा, पण त्याचा धोशा एकच. "पडद्यावर कोणी गप्प बसलं की लोक पुढे सरकतात, बेथन. गप्प बसलेलं काही ठेवू नकोस."

त्या हिवाळ्यात तिच्याकडे जी मालिका आली, ती तिच्या घरातलीच म्हणायला हवी. एका लहानशा गावातलं हरवलेल्या वस्तूंचं सरकारी ऑफिस, तिथले तोरा मिरवणारे साहेब मिस्टर ग्रिंडली आणि त्यांच्या समोरच्या टेबलावरची कारकून मिस टेट. मिस टेटचं काम केलं होतं नेस्टा प्रोथेरोनं, म्हणजे बेथनच्या सख्ख्या मावशीनं. मावशीच्या वाट्याला एका भागात फार तर आठ-दहा वाक्यं यायची. बाकीचा वेळ ती ऐकायची. साहेब थाप मारायचे आणि मावशी टाइपरायटरवरचे हात थांबवून त्यांच्याकडे बघायची. बेथन लहान असताना शनिवारी सगळं घर ते बघायला बसायचं, आणि हशा साहेबांच्या वाक्याला नाही, मावशीच्या त्या थांबण्यालाच फुटायचा.

एक भाग तर लोकांच्या तोंडी होता. महापौरांनी आपल्याला जेवायला बोलावलंय, असं ग्रिंडली साहेब सकाळपासून सांगत सुटलेले. आमंत्रणाचं पाकीट मिस टेटच्या हाती लागतं, त्यावर नाव तिचं. ती ते गुपचूप खणात सरकवते. दुपारी साहेब नटूनथटून जातात आणि जरा वेळानं पडलेल्या चेहऱ्यानं परत येतात. "जेवण उत्तम होतं," म्हणतात. मिस टेट त्यांच्याकडे बघते, खूप वेळ बघते. मग आपलं चीज आणि लोणच्याचं सँडविच मधोमध कापते आणि अर्धं त्यांच्यापुढे सरकवते. ते घेतात, भुकेल्यासारखे चावतात आणि भरल्या तोंडानं म्हणतात, "मला आता एक घासही जायचा नाही."

बेथननं त्यातलं शेवटचं वाक्य ठेवलं. पाकीट गेलं, बघणं गेलं, सुरी गेली. उरला तोंड भरलेला एक माणूस आणि त्याला हसणारे लोक. कापताना मनात काहीतरी टोचलं, नाही असं नाही. पण संध्याकाळपर्यंत माळ पाठवायची होती. लाखो लोकांनी ती बघितली. रॉरीनं फोन करून शाबासकी दिली. खाली कोणीतरी लिहिलं होतं, हा जाड्या काय खातो बघा, आमच्या आजोबांना ह्यात काय गंमत वाटायची कोण जाणे.

मार्चमध्ये मावशीचा वाढदिवस आला. मावशी वेल्सच्या किनाऱ्यावर कॉल्विन बे ह्या गावी एका वृद्धाश्रमात असायची. बेथन केक घेऊन गेली. तिथल्या शार्लीन नावाच्या परिचारिकेनं हौसेनं दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर काहीतरी लावलं. "नेस्टा, तुमची गंमत सापडली आम्हाला," ती म्हणाली. पहिल्याच चित्राला बेथननं ओळखलं. ती तिचीच माळ होती.

सगळे हसले. मावशी खुर्चीत पुढे झुकून बघत होती. एकदा टेबलाच्या कडेला तिची बाही दिसली, बस. संपल्यावर शेजारचे मिस्टर हॅलम चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "छान होतं हो. पण तुम्ही कुठे होतात ह्यात? का उगाच आम्हाला सांगत होतात इतके दिवस?"

"होते मी," मावशी म्हणाली. "समोरच्या टेबलावर."

"समोरचं टेबल कॅमेऱ्याला दिसलं नाही वाटतं," हॅलम म्हणाले, आणि दोन म्हाताऱ्या खुदकन हसल्या. मावशीही हसली, पण केकचा तुकडा तिनं तसाच ठेवला.

बेथन तिला खोलीत घेऊन गेली. शाल पांघरताना मावशी सहज म्हणाली, "तू कापलंस ना?"

बेथनला खोटं सुचलं नाही. "तुला कसं कळलं?"

"तुझ्या आईनं सांगितलं होतं तू कुठे काम करतेस ते." मावशीनं चष्मा काढून पुसला. "तुमच्या धंद्यात कापल्याचा जोड दिसला नाही की काम चांगलं म्हणतात, हो ना? मग चांगलं केलंयस. मला एकही जोड दिसला नाही."

ह्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. "मावशी, ते लोक थांबायला तयार नसतात गं," बेथन म्हणाली, आणि बोलतानाच तिला ते किती लंगडं आहे ते ऐकू आलं.

"आमच्या वेळी पण नसायचेच," मावशी म्हणाली. "आम्ही थांबवायचो त्यांना. तो बिचारा उपाशी आहे हे आधी कळायला नको का? नाहीतर नुसता खादाडच दिसणार."

पुढच्या आठवड्यात बेथननं रॉरीला माळ काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, चालतंय ते कशाला काढायचं? मग तिनं पूर्ण भाग मागून घेतला आणि वृद्धाश्रमात जाऊन त्याच टीव्हीवर लावला. अर्धे लोक डुलक्या घेत होते. हॅलम मात्र जागे होते. पाकीट खणात गेलं तेव्हा ते हसले नाहीत, नुसते सावरून बसले. सँडविच कापलं जाऊ लागलं, आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "वाईट वाटतं हो त्याचं." मावशीनं त्यांना पाण्याचा पेला दिला.

बेथनला बरं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच. मावशी ऑगस्टमध्ये गेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्या वाचून कोणी फोनवर तिचं नाव शोधलं तर सगळ्यात वर बेथनची माळ येते, आणि त्यात मावशीची फक्त बाही दिसते. बेथननं ते काम सोडलं. आता ती लग्नाच्या चित्रफिती जुळवते. लोक म्हणतात, भाषणं लांबतात, जरा कापा. ती कापते, पण ऐकणाऱ्यांचे चेहरे आले की तिचा हात अडतो. माळ अजून तिथेच आहे, आणि बघणारे वाढतच आहेत.