विनोक उतरवताना

ह्यांना यॉर्कशरमधल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही एका गिरणगावात राहायला आलो. शेजारीण युक्रेनची, लोकरीच्या मिलमध्ये कामाला. तिचं इंग्रजी मोडकं, माझं भित्रं. त्यामुळे आमचं छान जमलं.

सत्तरच्या दशकात तिच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दुपारी तिनं मला बोलावलं. किचनमधल्या टेबलावर हिरव्या वेलीचा ढीग होता, भोवती बायका गात होत्या.

"ही हिवाळ्यातही हिरवी राहते," ती म्हणाली. "नवरीच्या विनोकला हीच लागते." विनोक म्हणजे डोक्यावरचं पानाफुलांचं कडं. ते फक्त कुमारिकेनं घालायचं.

"आमच्याकडे गजरे करतात," म्हणत मी दोरा घेतला. लहानपणची सवय, बोटं आपोआप चालली. एका म्हातारीनं माझी गाठ निरखून पाहिली आणि आपल्या पुढ्यातली पानं माझ्याकडे सरकवली.

विणता विणता शेजारीण म्हणाली, "मला सतराव्या वर्षी पकडून जर्मनीला मजुरीला नेलं. लढाई संपल्यावर तिथल्या निर्वासितांच्या छावणीतच लग्न झालं. फुलं कुठली? कागदाची केली, मेणात बुडवली. लग्नात विनोक आईनं उतरवायचा असतो. माझी आई युक्रेनमध्येच राहिली. मीच उतरवला."

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर हॉलमध्ये जेवणं झाली, मग बँड थांबला. नवरीला खुर्चीवर बसवलं. एरवी मिनीस्कर्ट घालून बँकेत जाणारी, अस्सल यॉर्कशरचं इंग्रजी बोलणारी पोर! आईनं तिचा विनोक उतरवला आणि डोक्याला लग्न झालेल्या बाईचा रुमाल बांधायला गेली. मुलीनं तो झटकून टाकला. पुन्हा बांधायला गेली, पुन्हा तेच.

मी घाबरले. "अहो, ही नको म्हणतेय!"

मागची बाई हसली. "रीतच आहे ती. तिसऱ्यांदा घेईल."

तिसऱ्यांदा मुलीनं डोकं वाकवलं. गाठ बसली आणि सगळा हॉल गाऊ लागला. आपल्याकडच्या पाठवणीत मी पुष्कळ रडले होते. पण एका मुलीचं कुमारपण असं सर्वांदेखत, दोन्ही हातांनी, अलगद उतरवलेलं कधी पाहिलं नव्हतं.

करवल्या विनोक डोक्यावर घेऊन नाचायला अधीर झाल्या होत्या. "द्या ना, मावशी!"

"थांबा गं जरा," शेजारीण म्हणाली, आणि विनोक छातीशी धरून तशीच उभी राहिली.