कट्ट्यावरचा वास

वेसाव्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्या कल्पिता कोळीला लहानपणापासून एक सवय होती. घराबाहेर पडण्याआधी हाताला लिंबू चोळायचं. तिची आई, कमळ, सात बंगल्याच्या बाजारात मासे विकायला बसायची, आणि सुटीच्या दिवशी मदतीला गेलेल्या कल्पिताच्या हाताला वास राहायचा. शाळेत एकदा शेजारची मुलगी बाक बदलून बसली, तेव्हापासून हे लिंबू तिच्या मागे लागलं. मासे साफ करून झाले की आई स्वतःच अर्धं लिंबू पुढे करायची. दोघींना त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं, हेच खरं तर वाईट.

शिकून कल्पिता मालाडला, विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत लागली. डब्यात मासे न्यायची, पण कधी मायक्रोवेव्हमध्ये घालायची नाही. गरम केलेल्या माशाचा वास किती लांब जातो हे कोळणीच्या मुलीला कुणी सांगायला नको. तळलेले बोंबील गारच खायची. जेवणाच्या टेबलावरचे सगळे तिच्या डब्यावर तुटून पडायचे, तिच्या वाट्याला दोन तुकडे उरले तरी पुष्कळ. त्यात पुढे असायचे अपूर्वा आणि सुशांत. सुशांत मूळ मालवणकडचा, वडील गिरणीत होते, आता घर दिंडोशीला. तो आणि कल्पिता एकाच दिवशी कंपनीत लागले होते. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा दूध यावं म्हणून कमळने मुशी साफ करून पाठवली होती, ती पोचवायला कल्पिता स्वतः दिंडोशीला गेली होती.

कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी आतली वेबसाइट काढली आणि तिच्यावर मोकळ्या चर्चेचं एक पान ठेवलं. कुणीही काहीही लिहावं, फक्त स्वतःच्या नावाने. पानाला नाव सुचवायची स्पर्धा झाली. कल्पिताने 'कट्टा' सुचवलं, तेच निवडलं गेलं आणि बक्षीस म्हणून तिला कंपनीच्या चिन्हाचा चहाचा मग मिळाला. तिला त्या मगाचं भारी कौतुक. भांडी घासणाऱ्या बाईलाही ती त्याला हात लावू द्यायची नाही.

आणि कट्ट्याने काही चांगलं केलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. उशिराच्या पाळीनंतर कंपनीची गाडी बायकांना घरी सोडायची. ड्रायव्हर मात्र गल्ली अरुंद आहे म्हणून कल्पिताला कोळीवाड्याच्या तोंडाशीच उतरवून मोकळा व्हायचा. बाकीच्या बायकांचीही हीच रड, पण ती बाथरूममधल्या आरशासमोर. कल्पिताने ते कट्ट्यावर लिहिलं, नावानिशी. अपूर्वाने तिला गप बसायला सांगितलं होतं, उगाच नजरेत येशील म्हणून. पण खाली एकेक बाई लिहू लागली. कुणी कांदिवलीची, कुणी मुलुंडची. कंपनीला नियम करावाच लागला की गाडीतला गार्ड दारापर्यंत सोडायला येईल. मग काय, कल्पिताच्या अंगात कट्टा संचारला. कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, इथे काय रडतेस, कट्ट्यावर लिही, नाव घालून लिही.

त्याच कट्ट्यावर एका दुपारी चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी लिहिलं की पॅन्ट्रीत माशाचा असह्य वास येतो आहे. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. वास आला होता, सगळ्यांनाच आला होता. पण खाली जी रांग लागली ती वाचवत नव्हती. एकाचं डोकं चढलं होतं. एकीच्या केसांना वास बसला होता. एकजण त्या दिवशी रजेवर होता, त्यालाही आला. मग भाषा सभ्य होत गेली आणि मजकूर घाण. काही लोकांना घरच्या सवयी ऑफिसात आणायची खोड असते. काही लोकांनी आपण कुठे बसलो आहोत याचं भान ठेवावं. काही लोक, काही लोक. सगळे आपापल्या नावाने लिहीत होते, आणि ज्या एका नावाबद्दल लिहीत होते ते कुणी घेत नव्हतं. घ्यायची गरज काय? आडनावच कोळी.

कल्पिता आपल्या जागेवर बसून वाचत होती आणि तिचे कान गरम झाले होते. त्या दिवशी तिच्या डब्यात मेथीची भाजी होती. वास बांगड्याचा होता, आणि बांगड्याबरोबर तिरफळाचा. तिच्या घरी कालवणात तिरफळ कधी पडलं नाही, ते मालवणी स्वयंपाकघरातलं. शिवाय तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. सुशांतनेच बायकोने दिलेलं बांगड्याचं तिखलं मायक्रोवेव्हमध्ये घातलं होतं, झाकण न लावता, आणि फोनवर बोलत बाहेर गेला होता.

तिला वाटलं, आता सुशांत लिहील. सॉरी यार, माझा डबा होता, एवढं लिहिलं की विषय संपतो.

सुशांतने लिहिलं. लिहिलं काय, तर मी स्वतः मासे खातो, पण इतरांचा विचार करणं हा संस्काराचा भाग आहे, ज्याने त्याने तारतम्य बाळगावं. त्याखाली धडाधड अंगठे उमटले. कुणी अंगठा दिला ते नावासकट दिसायची सोय होती, पारदर्शक कारभार ना. कल्पिताने यादी उघडली. पहिलं नाव अपूर्वाचं होतं. दुपारी जिच्या बोटांना कल्पिताच्या बोंबलांचं तेल लागायचं, त्याच बोटांनी तिने तो अंगठा दिला होता. मगातला चहा तिने तसाच बेसिनमध्ये ओतला.

संध्याकाळी सुशांतने तिला जिन्यात गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, "सांभाळून घे ना यार. माझं प्रमोशन आहे या वेळी. तुझ्यावर कुणी डायरेक्ट बोट थोडंच ठेवलंय?"

त्याला दोन दिवस विचार करू द्यावा, आपणहून लिहील, असं तिला अजूनही वाटत होतं. माणसावरचा विश्वास असा चटकन सुटत नाही, आणि इतक्या वर्षांच्या टेबलावरचा तर नाहीच.

शुक्रवारी एच.आर.मधल्या दिपालीने तिला बोलावून घेतलं. कॉफी दिली, कट्ट्याची लाडकी म्हणून कौतुक केलं, टीम लीडरच्या जागेसाठी तिचं नाव वर गेलंय हेही सांगितलं. मग म्हणाली की लोक फार तापलेत, तेव्हा सोमवारपर्यंत कल्पिताने कट्ट्यावर माफीच्या दोन ओळी लिहून टाकाव्यात. कल्पिताने सांगितलं, डबा माझा नव्हता.

"कुणाचा होता याला महत्त्व नाही गं," दिपाली गोड आवाजात म्हणाली. "लोकांना काय वाटतं, त्याला महत्त्व आहे. आणि तुझ्यावर लोकांचं प्रेम आहे, तू लिहिलंस तर लगेच मिटेल. हे आपल्या दोघींतच राहू दे."

मोकळ्या चर्चेच्या पानाचा कारभार असा दार लावून चालत होता. कल्पिता बाहेर आली तेव्हा फोनवर मेसेज येऊन पडले होते. ऑफिसातल्या मंडळींचा एक ग्रुप होता, रविवारच्या माशांचा. ऑर्डर त्यावर यायची, कमळ मासे साफ करून ठेवायची आणि जो तो घेऊन जायचा. केसांना वास बसलेल्या बाईला मध्यम पापलेट हवे होते. अपूर्वाला सुरमईचे तुकडे, कालवणाचे. जो रजेवर असून वासाने हैराण झाला होता, त्याला कोलंबी. या माणसांना लाज कशी वाटत नाही, असं कल्पिताला वाटलंच नाही. लाज असती तर वाटली असती. तिला नुसती किळस आली. तिने एकालाही उत्तर दिलं नाही.

रविवारी ती सकाळीच आईबरोबर बाजारात जाऊन बसली. कमळने तिच्याकडे पाट सरकवला. थोड्या वेळाने सुशांत आला, हातात पिशवी.

"अगं, तू इथे? ग्रुपवर तुझा रिप्लायच नाही," तो म्हणाला आणि कमळकडे वळला. "काकी, पापलेट द्या ना चांगले. पाहुणे येतायत."

"आधी कट्ट्यावर लिही, तो डबा तुझा होता म्हणून," कल्पिता म्हणाली. "मग ने."

सुशांत हसला. "एवढंसं काय ते ताणतेस? उद्या तू सॉरी लिहिलंस की मिटलंच ना."

दोघींतच राहू दे म्हणून दिपालीने दार लावून सांगितलेली गोष्ट याला तोंडपाठ होती. म्हणजे माफीची ही सूचना कुणी केली असेल, हे विचारायचीही गरज उरली नाही. कल्पिताने समोर मांडलेल्या पापलेटांकडे पाहिलं.

"पापलेट नाहीत," ती म्हणाली.

तो क्षणभर घुटमळला. मग पलीकडच्या कोळणीकडे गेला, घासाघीस केली, मासे घेतले आणि दोन पिशव्या एकात एक घालायला लावल्या. गाडीच्या डिकीत वास नको, असं तो तिला सांगत होता.

हे काय झालं, असं कमळने विचारलं तेव्हा कल्पिताने पहिल्यापासून सगळं सांगितलं. कमळ कोलंबी सोलत ऐकत होती. तिला ना कट्टा माहीत, ना प्रमोशन. ती चिडली नाही, कुणाला शिवी दिली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने खरोखरच न कळल्यासारखं विचारलं, "मना सांग बाय, आयतवारी यांची नाकं कुठं जातान?"

कल्पिताने फोन काढला आणि कट्टा उघडला. आजवर तिथे तिने जे काही लिहिलं ते इंग्रजीत, दोनदा तपासून. या वेळी तिने रविवारच्या नाकांचा आईचा प्रश्न होता तसा, आईच्याच बोलीत लिहिला. सोमवारी दिपाली पुन्हा बोलावणार, टीम लीडरची जागा जाणार, आणि जेवणाचं ते टेबल तर गेलंच होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने बटण दाबलं. खाली नाव आपोआप उमटलं, कल्पिता कोळी.

मग फोन बाजूला ठेवून ती पापलेट साफ करायला बसली. गिऱ्हाइकं येत गेली, बाजार उरकत आला. कमळने सवयीने अर्धं लिंबू लेकीपुढे धरलं. कल्पिताने ते घेतलं नाही.